एक स्टारवाली माणसं

लाँड्रीवाल्या काकूंबद्दल कुणालाही विचारा, तो पहिल्यांदा हेच सांगणार, की बाई बोलते फार. फार म्हणजे किती, तर कपडे टाकायला आलेला माणूस पावती खिशात घालेपर्यंत त्याच्या सासूच्या गुडघ्यापासून त्याच्या रखडलेल्या बढतीपर्यंत सगळं बाहेर यायचं, आणि जाताना काकूंच्या घरची दोन-चार प्रकरणं तो सोबत घेऊन जायचा. ज्यांना घाई असायची ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने मान खाली घालून जायचे. पण कपडे द्यायची वेळ आली की यायचे इथेच, कारण धुलाई कुठेही होते, विचारपूस सगळीकडे होत नाही.

मग काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, ती साधी निघाली आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. आवाज मात्र गेला. पार गेला असता तर एक वेळ चाललं असतं. काही महिन्यांनी तो परत आला, पण असा आला की गंजलेली बिजागरी कुरकुरावी. डॉक्टर म्हणाले, आता एवढाच येणार, पण वापरा, बोला, संकोच करू नका. डॉक्टरांचं काय जातं सांगायला. काकूंनी एकदा काउंटरवर बोलून पाहिलं, तर समोरच्या बाईच्या कडेवरचं मूल तो आवाज ऐकून भोकाड पसरून रडायला लागलं. ती बाई बिचारी ओशाळली आणि मुलाला थोपटत, कोट तसाच काउंटरवर टाकून बाहेर गेली. झालं, त्याच दिवशी काकूंनी एक पांढरी पाटी आणि पुसता येईल असं पेन आणलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

कुलूप घरातही तेच. काका दुकानाच्या मागच्या भागात इस्त्रीच्या टेबलाशी, काकू पुढे काउंटरशी, मध्ये एक पडदा. जन्मभर ‘जरा थांबशील का’ म्हणत आलेल्या काकांना आता पडद्यापलीकडची शांतता खायला उठायची. पण ते मुळातच मुखदुर्बळ, त्यामुळे हेही त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आता गंमत अशी आहे, की तोंड बंद केलं म्हणून आतलं बोलणं काही बंद होत नाही. काकूंचं ते बोलणं एका मोबाइलच्या खेळातून बाहेर पडलं, आणि मला सांगायचंय ते त्याचंच.

खेळ सुनेने फोनवर घालून दिला होता. आई नुसत्या शून्यात बघत बसतात, जरा मन रमेल, हा तिचा हेतू. ‘बटणजोड’ त्याचं नाव. चौकटभर रंगीत बटणं असतात, सारखी तीन एका ओळीत आणली की टप्प करून नाहीशी होतात, वरून नवी पडतात. बस्, एवढंच. यात काय मोठंसं, असं काकूंनाही पहिल्या दिवशी वाटलं आणि आठवड्याभरात चहा उतू जायला लागला. मग आली पिवळ्या बटणांची लेव्हल. पिवळी जमवा असं सांगायचं आणि पिवळं सोडून बाकी सगळं द्यायचं, असा तो सगळा कारभार. काकू पाच दिवस झगडल्या. सहाव्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं. खेळाच्या पानावर खाली लोक आपापली मतं लिहितात, तिथे जाऊन त्यांनी एक स्टार ठोकला आणि ‘इस्त्री’ असं नाव लावून लिहिलं, “खेळ करणाऱ्यांनी पिवळी बटणं काय स्वतःच्या शर्टाला लावून घेतली आहेत? आम्ही नुसती निळी बघत म्हातारं व्हायचं का? एक स्टार देते आहे, आणि तोही देताना जिवावर येतंय.”

लिहून झाल्यावर त्यांना जे बरं वाटलं ते कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बघतात तर त्यांच्या मताखाली आणखी एक एक-स्टारवालं मत. लिहिणारीचं नाव ‘वॉर्डवाली’. हॉस्पिटलात नर्स होती, डबा खाताना खेळायची. तिने लिहिलं होतं, की इस्त्रीताई, डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करा, पिवळी आपोआप येतात, मीही आधी अश्शाच शिव्या घातल्या होत्या. काकूंनी करून पाहिलं आणि लेव्हल सुटली. आभार मानायचे कुठे? त्या पानावर एका माणसाला एकच मत ठेवता येतं, नवं लिहिलं की जुनं पुसलं जातं. काकूंनी जुनं पुसून तिथेच आभार लिहिले, आणि त्याला जोडून आपल्या नणंदेची एक गोष्ट लिहिली. वॉर्डवालीने आपलं पुसून त्यावर हसून घेतलं. अशा रीतीने ते सुरू झालं.

बघता बघता तिथे माणसं जमली. ‘तिसरा मजला’ म्हणून एक गृहस्थ आले. ते कोर्टात टायपिस्ट होते, आता निवृत्त. गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे घरात अडकलेले. ते लिहायचे ते असं, की ‘उपरोक्त लेव्हलच्या संदर्भात नम्रपणे कळवण्यात येते की’, आणि पुढे चावटपणा. ‘जुळ्यांची आई’ आली. तिला एकच हात मोकळा असायचा, त्यामुळे तिच्या लिहिण्यात ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, एका दमात मुलांचे दात आणि लेव्हलची अडचण. असे हळूहळू शेकड्यांनी लोक झाले. कुणी फोन नंबर लिहिला की त्याचं मत गायब व्हायचं, पानाचा तसा नियमच होता. तेव्हा बोलायचं ते तिथेच.

यात एक मेख होती. त्या पानावर सगळ्यांत कमी स्टार देणारे सगळ्यांत वर दिसायचे, तक्रारी आधी नजरेला पडाव्यात म्हणून. पाच स्टारवाले तळाला, आणि तिथे काय, तर ‘छान’, ‘मस्त’, ‘आवडला’, एका शब्दाच्या वर कुणी जायला तयार नाही. म्हणून कुणी नवं माणूस आलं की काकू त्याला आधी सांगायच्या, बाबा रे, एक स्टार दे, पाच दिलेस तर तळाला जाशील, तिथे आपलं कुणी नाही. आणि लोक द्यायचे. काकूंचा तिथे शब्द चालायचा. दुकानात पाटीवर ‘उद्या या’ आणि ‘डाग जाणार नाही’ एवढंच लिहिणारी ही बाई तिथे सगळ्यांना हसवायची, दटावायची, रुसव्याफुगव्यात मध्यस्थी करायची. तिला आवाज नाही हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी इस्त्रीताई म्हणजे अखंड वाजणारा रेडिओ. काकूंनी ते जपून ठेवलं होतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, की या सगळ्यांत एका माणसाचा विचार कुणीच केला नाही. तो खेळ कुणीतरी बनवला होता.

एका सकाळी काकूंनी खेळ उघडला तर बटणांच्या जागी निरोप आला. “हा खेळ मी एकटीने बनवला. तुम्हाला तो आवडत नाही हे दोन वर्षांचे स्टार बघून कळलं. सुधारायचा खूप प्रयत्न केला, जमलं नाही, माफ करा. महिनाअखेरीस बंद करते आहे.” खाली ‘खेळवाली’ एवढंच.

खेळ बंद म्हणजे पान बंद, पान बंद म्हणजे माणसं गेली. मग उरलं काय, तर पाटी. काकूंनी फोन तसाच सुनेपुढे धरला. सून ऑफिसला निघाली होती, एका पायात चप्पल. तिने निरोप वाचला, खालचं पान वाचलं, आणि आधी तिला हसू फुटलं. मग सासूचा चेहरा बघून ते विरलं.

“आई, तुम्ही सगळ्यांनी मिळून या बाईचा खेळ बुडवलात,” ती म्हणाली. “स्टार बघूनच नवी माणसं येतात. सगळ्यांची सरासरी दीड स्टार, असा खेळ कोण घेणार? आणि ती तरी काय समजणार, सगळ्या जगाला आपला खेळ नकोय असंच ना?”

काकूंनी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘ती वाचत नाही का? आम्ही किती चांगलं बोलतो.’

सुनेने सांगितलं, की दीड स्टार दिसल्यावर खालचं वाचायची हिंमत कुणाला होते. एक स्टार द्या, एक स्टार द्या, म्हणून आल्यागेल्याला सांगत कोण होतं? ज्या घरात पाहुणचार घेतला त्याचीच भिंत आपण पोखरत होतो, हे कळल्यावर माणसाचं जे होतं ते काकूंचं झालं. दिवसभरात त्यांनी दोन गिऱ्हाइकांचे शर्ट अदलाबदल करून दिले.

संध्याकाळी सासू-सुनेने मिळून खेळवालीला सविस्तर लिहिलं. खेळात तक्रारीसाठी ईमेलचा एक पत्ता दिलेला होता. पत्र उलट्या पावली परत आलं, पत्ता बंद. म्हणजे तिच्यापर्यंत पोचायची एकच वाट राहिली, ती म्हणजे स्टार. तेवढंच ती बघत होती.

काकूंनी पानावर लिहिलं, की मंडळी, चूक माझी आहे आणि ती निस्तरायची आहे. सगळ्यांनी आपला एक स्टार काढून पाच द्या. आकडा वर गेला की ती बघेल, बघितलं की थांबेल. पण आधीच सांगते, पाच दिले की आपण तळाला जाऊ आणि त्या ‘छान-मस्त’च्या गर्दीत एकमेकांना सापडणार नाही.

मग जी चर्चा झाली ती काय विचारता. जुळ्यांची आई म्हणाली, मी आत्ता देते, पण मला परत शोधाल ना. वॉर्डवालीने शंका काढली, की तिने आकडा बघणंही सोडलं असेल तर? तर खेळ जाईल तो जाईलच, आणि हातातले उरलेले दिवसही आपण एकमेकांवाचून काढू. सगळ्यांत अडून बसले ते तिसरा मजला. त्यांनी लिहिलं, “सदर प्रस्तावास माझा सक्त विरोध आहे. मला दिवसात बोलायला दुसरं कुणी नाही. महिनाअखेरपर्यंत तरी मला तुमच्यात राहू द्या.”

काकूंना ते वाचून भडभडून आलं. त्यांना त्या माणसाचं दुःख कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी मन घट्ट केलं आणि लिहिलं, “साहेब, मलाही दुसरं कुणी नाही. का नाही ते कधीतरी सांगेन. पण आपण इतके दिवस तिच्या जिवावर बसलो. आता निदान तिला कळू दे, की आपण बसलो ते आवडलं म्हणून. तुम्ही सगळे जा. मी शेवटपर्यंत इथे एक स्टारवर थांबते. नवं माणूस चुकून आलं तर त्याला पाच द्यायला सांगणारं कुणीतरी वर दिसायला हवं.”

आणि लोक निघाले. आधी वॉर्डवाली. तिने निरोप लिहिला, दुपारपर्यंत सगळ्यांनी वाचावा म्हणून ठेवला, मग पाच स्टार दिले आणि वरून दिसेनाशी झाली. तिच्यामागे जुळ्यांची आई, तिच्या निरोपाला पहिल्यांदाच एक पूर्णविराम. मग बाकीचे, झुंडीने. दीडचा आकडा दोनवर गेला, मग अडीचवर. सून ऑफिसातून आली की चप्पल काढायच्या आधी आकडा विचारायची. दुकानातल्या पाटीवर ‘उद्या या’च्या शेजारी काकू रोजचा आकडा लिहायच्या, आणि गिऱ्हाईकं विचारात पडायची, की हा कसला भाव चढतोय. काकांना यातलं निम्मंच कळायचं, पण ते पडदा सरकवून तेवढं वाचून जायचे.

शेवटी वर दोघंच राहिले, इस्त्री आणि तिसरा मजला. एक अख्खा दिवस त्या गृहस्थांनी काही लिहिलं नाही. काकूंनीही नाही लिहिलं, उगाच भरीस पाडायचं कुणाला. मग दुसऱ्या दिवशी दुपारी गृहस्थांचं मत बदललं. “विरोध मागे घेत आहे. इस्त्रीताई, मी जिना उतरतो आहे असं समजा. तुम्ही दारात उभ्या आहात म्हणून उतरतो.” तासाभराने तेही गेले.

आता वर काकू एकट्या. त्यांच्या मताखाली कुणी नाही. तळाला जाऊन बोट दुखेपर्यंत शोधलं, पण ‘छान’, ‘मस्त’, ‘आवडला’, शंभरांनी तेच. ऑपरेशननंतर घरी आल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं होतं आणि काहीच बाहेर आलं नव्हतं, तो दिवस त्यांना आठवला. त्यांनी डोळे पुसले आणि आपलं मत नव्याने लिहिलं. “इथे एक स्टार फक्त माझा आहे, आणि तो उभं राहण्यापुरता आहे. तुम्ही पाच द्या आणि पुढे व्हा. खेळ गुणाचा आहे. घाई लावत नाही, घड्याळ लावत नाही, कुणी हाक मारली म्हणून खाली ठेवला तर तसाच थांबतो. बनवणारी एकटी आहे आणि तिला हे कुणी सांगितलेलं नाही. तिची गाठ पडली तर सांगा.”

दोन दिवस काही झालं नाही. आकडा चारच्या वर सरकला होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मताखाली ओळी उमटल्या. “इस्त्रीताई, हा खेळ मी बनवला. आकडा एकदम का चढतोय ते कळेना, म्हणून दोन वर्षांनी धीर करून हे पान उघडलं, तर वर तुम्ही एकट्याच. तुमच्याशी बोलायचंय. तक्रारीचा पत्ता पुन्हा सुरू केला आहे, त्यावर नंबर पाठवा.”

काकू दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारून आल्या. मग ‘बोलायचंय’ हा शब्द त्यांच्या डोक्यात नीट शिरला. ज्या बाईने इस्त्रीताईची बडबड वाचली आहे तिने फोन करायचा, आणि इकडून गंजकी कुरकुर ऐकायची? शेवटी असं ठरलं, की नंबर पाठवायचा, पण फोन सुनेने घ्यायचा, सासूबाईंचा घसा बसलाय म्हणायचं, आणि काकूंनी शेजारी उभं राहून पाटीवर लिहून द्यायचं.

फोन आला तो नेमका सुट्टीच्या दिवशी, दुकानात रांग लागलेली असताना. सुनेने स्पीकर लावला. पलीकडचा आवाज तरुण होता, थकलेला होता. तिने आधी खूप आभार मानले. मग म्हणाली, “पण खरं सांगू का, मी तरीही बंदच करणार आहे. बंद होणार म्हटल्यावर लोकांना वाईट वाटलं, त्यांनी पाच दिले. दोन वर्षं एक देत होते ते खरं. दयेवर खेळ चालवायचा नाही मला.”

सून गडबडली. नाही हो, तसं काही नाही, सगळ्यांना आवडतो खेळ, असं काहीतरी बोलली. पलीकडून उत्तर आलं, की असं सगळेच म्हणतात. काकू पाटीवर भराभर लिहीत होत्या. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. सून वाचून सांगेपर्यंत पलीकडची पोरगी ‘ठेवते हं’ म्हणाली.

काकूंनी पाटी टाकली आणि सुनेच्या हातातून फोन हिसकावला.

“ठेवायचं नाही,” त्या म्हणाल्या. “ऐक आधी.”

रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. तो आवाज खरखरीत होता, चिरका होता, मध्येच तुटत होता, आणि काकूंना ते सगळं कळत होतं. पण आता थांबल्या असत्या तर सगळंच गेलं असतं.

“दया कसली गं? मी जन्मभर काउंटरवर उभी आहे. ज्याला दुकान आवडत नाही तो माणूस एकदा भांडतो आणि परत येत नाही. आम्ही दोन वर्षं रोज आलो. एक नर्स आहे, ती डबा खाताना तुझी बटणं लावते, कारण तेवढाच वेळ तिला कुणी हाक मारत नाही. एक गृहस्थ आहेत, त्यांना जिना उतरवत नाही, ते सकाळी उठून आधी तुझ्याकडे येतात. एक आई आहे, ती एका अंगठ्याने खेळते, दुसरा हात पोराखाली असतो. आणि मी. माझं बोलणं बंद झालं होतं, ते तुझ्या पानावर सुरू झालं. ते स्टार आम्ही तुला दिलेच नव्हते, बाळा. एकमेकांना दिसावं म्हणून हात वर केले होते. ते तुला लागले, ती चूक माझी. पण आता दिलेत ते पाच खरे आहेत. त्यातल्या प्रत्येकाने ते देताना आपली माणसं सोडली आहेत.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “मला हे कुणी सांगितलं का नाही,” पोरगी म्हणाली.

“सांगतेय ना आता.”

मग ती रडली आणि हसली आणि दोन्ही एकदम करायला लागली. नाही बंद करत, म्हणाली. खेळातच एक बोलायची जागा करते, तिथे स्टारबिर काही नाही, ज्याने त्याने आपल्या नावाने यायचं, आणि तळाला गेलेल्या सगळ्यांना उद्याच्या उद्या खेळातूनच निरोप पाठवते. पुढे म्हणाली, पिवळ्यांची लेव्हल जरा सोपी करू का. काकूंनी तिला साफ धुडकावलं. ती सोपी केलीस तर लोक चिडणार कशावर आणि बोलणार कशावर, असं विचारलं, आणि मग रांगेकडे वळून मोठ्यांदा जाहीर केलं, की खेळ चालू राहणार. रांगेतल्या कुणाला खेळ कसला हेही माहीत नव्हतं. तरी एकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

तेवढ्यात जळका वास आला. पडदा बाजूला करून काका बाहेर आले होते. काकूंचा आवाज कानावर पडला तेव्हा इस्त्री कुणाच्या तरी राखाडी पॅन्टवर टेकलेली होती, आणि ती उचलायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मागे धुराची रेघ वर चढत होती आणि हा माणूस दारात उभा राहून बायकोकडे बघत होता. सून धावत आत गेली. पॅन्टचा मालक रांगेतच होता. त्याने काही बोलायला तोंड उघडलं होतं, पण काकांचे भरलेले डोळे बघून त्याने ते मिटून घेतलं.

फोनवर पोरगी विचारत होती, तिकडे काय चाललंय. मग जरा संकोचून म्हणाली, “काकू, तुम्हाला त्रास होतोय का बोलायला? आवाज बसलाय तुमचा. हवं तर बरं वाटल्यावर बोलू.”

काकूंनी समोर पाहिलं. सगळं दुकान ऐकत होतं.

“बसलेला नाही,” त्या म्हणाल्या. “माझा आवाज हाच आहे. आणि माझं अजून संपलेलं नाही.”